लाकडाआधी पुस्तकं मोजा

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिकेचं वय ५६. मुलगी शिक्षणासाठी बाहेर गेल्यापासून घरातली बारा बाय दहाची एक खोली रिकामी आहे. तिथे लाकडी पॅनेलिंग आणि भिंतीत बसवलेली कपाटं असलेलं स्वतःचं ग्रंथालय करायचं, ही त्यांची कॉलेजच्या दिवसांपासूनची इच्छा. स्वतःची सातशेच्या आसपास पुस्तकं आहेत. वडिलांच्या पश्चात आलेली आणखी पाचशे खोक्यांत पडून आहेत. डिझायनरने काढलेल्या चित्रात बाहेरच्या बाजूच्या बारा फुटी भिंतीवर चार-चार फुटांचे तीन खण आहेत, खाली बंद कपाटं, वर सहा फळ्या आणि त्यांना काचेची दारं. उरलेल्या भिंतींना छतापर्यंत गडद व्हिनियरचं, म्हणजे प्लायवर बसवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचं, पॅनेलिंग. सुतार म्हणतो, व्हिनियर टिकत नाही, सगळं भरीव सागवानात करू. यजमानांना हे सगळंच पटत नाही. भिंतीत पक्कं केलं की खोली कायमची अडकली, मुलगी किंवा पाहुणे आले तर झोपायचं कुठे, आणि उद्या घर बदललं तर काय, असं ते विचारतात. बाहेरच्या भिंतीला खालून थोडी ओल येते, हे पत्रात जाता जाता आलं आहे. ‘भरीव लाकूड की व्हिनियर? आणि या वयात एवढी हौस करावी का?’ असे दोन प्रश्न पत्राच्या शेवटी आहेत.

ताई,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. करा. कॉलेजपासून मनात असलेली गोष्ट ५६ व्या वर्षी मनात तशीच असेल तर तिला नुसती हौस म्हणून बाजूला सारू नका. फक्त ती करताना चित्रातली खोली आणि तुमची खोली यांत गल्लत होऊ देऊ नका.

पत्र मी दोनदा वाचलं. लाकूड, पॉलिश, काच, मोल्डिंग, हँडल या सगळ्यांबद्दल तुम्ही मनापासून लिहिलं आहे. पण तुम्ही वाचायला बसणार कुठे, हे पत्रात एकदाही आलेलं नाही. खुर्चीचा उल्लेख नाही, दिव्याचा नाही, टेबलाचाही नाही. हा दोष तुमचा नाही. चित्रं अशीच काढली जातात. समोरून पाहिलेली एक सुंदर भिंत दिसते आणि तिच्यासमोर बसणारं माणूस त्यात नसतं. म्हणून भरीव की व्हिनियर हा प्रश्न जरा थांबवू आणि आधी मोजमाप करू.

मराठी-इंग्रजी, जाडी-पातळ अशी सगळी मिळून धावत्या फुटात साधारण दहा पुस्तकं बसतात, तीही काढता-ठेवता येतील इतकी सैल. म्हणजे तुमच्या बाराशे पुस्तकांना एकशेवीस फूट फळी लागणार. डिझायनरच्या चित्रात बारा फुटी भिंतीवर सहा फळ्या आहेत, म्हणजे बहात्तर फूट, आणि त्यातूनही मधल्या उभ्या फळ्यांची जाडी वजा होते. इतकं सगळं करून साडेचारशेहून जास्त पुस्तकं खोक्यातच राहतील. आणि खोलीच्या उरलेल्या भिंतींवर काय आहे? नुसतं लाकूड. ग्रंथालय म्हणजे चारी बाजूंनी गडद लाकूड असं आपण धरून चालतो. खरं तर पुस्तकांच्या पाठींनी भरलेल्या भिंतीला वेगळ्या सजावटीची गरजच नसते. ज्या भिंतीवर पॅनेलिंग दाखवलंय, त्यातलीच एक भिंत तुमच्या वडिलांच्या पुस्तकांची जागा आहे.

कोणती, ते सांगते. खोलीला बारा फुटांच्या दोन भिंती आहेत, एक बाहेरची आणि एक शेजारच्या खोलीला लागून. डिझायनरने कपाटं बाहेरच्या भिंतीवर घेतली, कारण दारातून आत येताना ती छान दिसतील. पण ओल त्याच भिंतीला आहे. तिथे कपाटं लावली की भिंत आणि कपाटाची पाठ यांच्यामध्ये हवा कोंडते, ओल दिसेनाशी होते, आणि तिचा वास यायला लागेपर्यंत खालच्या रांगेतल्या पुस्तकांवर बुरशी चढलेली असते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आयतं निमित्त मिळतं. पॅनेलिंग हा ओलीवरचा इलाज नाही. त्याने ओल फक्त झाकली जाते. तेव्हा कपाटं आतल्या भिंतीवर घ्या. ओलीचं मूळ शोधून आधी ती दुरुस्ती करा, ती भिंत पूर्ण वाळू द्या आणि तिला फक्त रंग द्या. पुढे परत डाग उमटला तर तो उघड्या भिंतीवर लगेच दिसेल, हाही एक फायदाच.

आता हिशोब पुन्हा मांडू. आतल्या भिंतीवर बहात्तर फूट. दाराच्या भिंतीवर दार सोडून सहा फूट रुंदी मिळते. तिथे खाली बंद कपाट न करता जमिनीपासून वरपर्यंत आठ फळ्या घेतल्या तर अट्ठेचाळीस फूट. बेरीज बरोबर एकशेवीस. दार पूर्ण उघडून फळ्यांना आपटत नाही ना, हे तेवढं बघून घ्या. आणि मुख्य भिंतीखालची बंद कपाटं अजून शिल्लक आहेतच. त्यात दोन फळ्या धरल्या तर आणखी चोवीस फूट होतात. ती जागा आजच भरू नका. पुढच्या काही वर्षांत येणारी पुस्तकं, जुने अंक, कागदपत्रं यांसाठी ती राहू द्या.

जागेची मर्यादा आपण आधी ठरवली तर ती जाचत नाही, हे सॅम्युअल पीप्स या इंग्रज दैनंदिनीकाराकडून शिकावं. १६६६ मध्ये त्याने सिम्पसन नावाच्या सुताराकडून ओक लाकडाची, काचेच्या दारांची पुस्तकांची कपाटं करून घ्यायला सुरुवात केली. पुढे त्यांची संख्या बारा झाली, आणि ती बाराही आज केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजमध्ये त्याच्या पुस्तकांसह उभी आहेत. कपाटांत मावतील तेवढीच पुस्तकं ठेवायची असं त्याने ठरवलं होतं आणि नवी आली की काही जुनी काढून टाकायचा. संग्रह तीन हजारांवर थांबला. बुटक्या पुस्तकांखाली त्याने लाकडी ठोकळे ठेवले होते, सगळ्यांच्या माथ्यांची रेघ एक दिसावी म्हणून. ठोकळे तुम्हाला लागणार नाहीत. आधी संख्या आणि मग कपाट, ही त्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे.

वडिलांच्या पुस्तकांबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘सगळी ठेवली नाहीत तर त्यांना टाकून दिल्यासारखं होईल.’ हे वाक्य मला बराच वेळ सोडत नव्हतं. पण पाचशेच्या पाचशे फळीवर ठेवणं हा आठवण जपण्याचा एकच मार्ग नाही. खोकी उघडा आणि प्रत्येक पुस्तक हातात घ्या. ज्यांच्या समासात त्यांचं अक्षर आहे, ज्यांवर तारीख टाकून सही केली आहे, जी ते पुन्हा पुन्हा वाचायचे, ती तुमच्या नजरेच्या उंचीवर ठेवा. त्याच विषयाची सुधारित आवृत्ती तुमच्याकडे असेल किंवा एकाच पुस्तकाच्या दोन प्रती निघाल्या तर एखाद्या वाचनालयाला द्यायला मन घट्ट करा. आणि ज्यांना कसर लागली आहे ती आधी वेगळी काढा. पिशवीत बंद करून दुसरीकडे ठेवा, पान न् पान झटकून बघा, महिना-दोन महिने लक्ष ठेवा. नव्या कपाटात घाईने गेलेलं एक कीड लागलेलं पुस्तक शेजारच्या सगळ्या रांगेला पुरतं.

आता चित्रातले चार-चार फुटांचे खण. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. पुस्तकं किती जड असतात याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. भरलेल्या फळीवर दर धावत्या फुटाला साधारण नऊ किलो वजन येतं, म्हणजे चार फुटी फळीवर छत्तीस. फळीला येणारा झोल तिच्या लांबीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. फुटामागे वजन तेवढंच असेल तर तो लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीनाऐवजी पाच खण केले तर प्रत्येक फळी जेमतेम अडीच फुटांची होते आणि तीच फळी, तेच लाकूड, त्याच पुस्तकांखाली जवळजवळ पावणेआठ पट कमी वाकते. शिवाय लाकूड वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू आणखी वाकत राहतं, म्हणून पहिल्या महिन्यात सरळ दिसणारी फळी पाच वर्षांनी सरळच असेल असं नाही. अठरा मिलिमीटरचा प्लाय, अडीच फुटांच्या आतला खण, आणि फळीच्या पुढच्या कडेला खाली उतरणारी दीड इंची भरीव लाकडाची पट्टी, एवढं सांभाळलं की काळजी नाही. ती पट्टी प्लायची कड झाकते असं सगळे समजतात. तिचं खरं काम फळीला ताठ ठेवण्याचं. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला बोर्ड, पुस्तकांच्या फळ्यांना वापरू नका. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या बोर्डावर, रंग सुरेख बसतो, पण तोही प्लायपेक्षा लवकर वाकतो. दारांना चालेल, फळ्यांना नको.

फळ्यांची खोली दहा इंच पुरे. चित्रात पंधरा आहेत. जास्त खोल फळीवर पुस्तकं मागे सरकतात, पुढे धूळ साचते, आणि मग त्या रिकाम्या पट्टीवर शोभेच्या वस्तू येऊन बसतात. खालची कपाटं मात्र सोळा इंच खोल आणि तीस इंच उंच घ्या. वरच्या दहा इंची फळ्यांपुढे त्यामुळे सहा इंचांचा कट्टा सुटतो. वरून काढलेलं पुस्तक उभ्याउभ्या उघडून टेकवायला तो हवाच. खाली चार इंच उंचीची, थोडी आत घेतलेली बैठक ठेवा म्हणजे पायाची बोटं दाराला लागत नाहीत आणि फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही. फळ्या वर-खाली करता याव्यात म्हणून बाजूंना पाच मिलिमीटरची भोकं बत्तीस मिलिमीटरच्या अंतराने पाडून घ्या. प्रत्येक खणातली मधली एक फळी मात्र पक्की ठेवा, नाहीतर उंच बाजू बाहेर फाकतात.

इथे तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. सुतार आणि डिझायनर दोघांचंही अर्धं बरोबर आहे. भरीव लाकूड टिकतं, त्याला रंधा मारता येतो, ओरखडा घासून काढता येतो. पण ते हवेतल्या ओलाव्याबरोबर आयुष्यभर फुगतं आणि आक्रसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. म्हणूनच जुन्या दरवाजांत चारी बाजूंना चौकट आणि तिच्या खाचेत मधला तुकडा असायचा. तो तुकडा खाचेत सैल सोडलेला असतो, गोंद लावत नाहीत. हवामान बदललं की त्याला हलायला जागा मिळते. घाईत काम करणारा माणूस तो चिकटवून टाकतो किंवा बाजूने खिळे मारतो आणि वर्षाच्या आत मधोमध चीर जाते. तुमच्या सुताराला एवढंच विचारा की पॅनेल खाचेत मोकळं ठेवणार का, आणि चौकटीत घालण्याआधी त्याला पॉलिश करणार का. पॉलिश नंतर केलं तर पॅनेल आक्रसताच कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. हे तो आपणहून सांगत असेल तर कारागीर चांगला आहे, त्याला धरून ठेवा.

व्हिनियर म्हणजे नकली, ही समजूतही सोडा. ते खरंच लाकूड असतं. साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा प्लायवर दाबून बसवलेला. प्लायचे थर एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे रुंद पृष्ठभाग फारसा हलत नाही. कपाटाच्या बाजू, पाठी, रुंद पट्टे यांना ते भरीव लाकडापेक्षा भरवशाचं. मात्र एकाच बाजूला व्हिनियर लावलं तर प्लाय वाकतो, मागच्या बाजूलाही तोल सांभाळणारा थर हवा. आणि ते घासून घासून नवं करता येत नाही, कारण घासायला आहेच अर्धा मिलिमीटर. म्हणून जिथे हात लागतो, धक्का बसतो, झीज होते त्या सगळ्या कडा, दाराच्या चौकटी, कट्ट्याचा पुढचा भाग आणि मोल्डिंग भरीव लाकडात करा. बाकी व्हिनियर. शीट एकाच लॉटमधल्या, ओळीने नंबर टाकून घ्या, नाहीतर शेजारशेजारच्या दारांवर रेषा जुळत नाहीत. ती खटक रोज डोळ्यांत सलते.

आता यजमानांबद्दल. पत्रात त्यांचं म्हणणं तुम्ही अडथळा म्हणून मांडलं आहे. मला त्यांचे दोन्ही प्रश्न रास्त वाटतात आणि त्या प्रश्नांमुळे तुमची खोली सुधारेल असंही वाटतं.

घर बदललं तर? भिंतीत बसवलेलं दिसणं आणि भिंतीत अडकलेलं असणं वेगळं. पाचही खण स्वतंत्र पेट्या म्हणून करून घ्या, प्रत्येक पेटी दारातून बाहेर निघेल अशा मापाची, खालचं कपाट वेगळं आणि वरच्या फळ्यांची पेटी वेगळी. त्या एकमेकींना आणि भिंतीला स्क्रूने जोडायच्या, सांध्यांवर पुढून लाकडी पट्टी, वर कंगोरा. बघणाऱ्याला अखंड भिंत दिसेल आणि उद्या स्क्रू काढले की सगळं सुटं. भिंत ओळंब्यात नसणारच, कुठलीच नसते. म्हणून दोन्ही टोकांना एक-दीड इंचाची पट्टी राखून ठेवायला सांगा. ती भिंतीच्या वळणाप्रमाणे जागेवर तासून बसवतात आणि पेट्या मात्र काटकोनात, पाणसळीत राहतात. नव्या घरी फक्त त्या पट्ट्या नव्या लागतील.

आणि झोपायचं कुठे? खिडकीखाली. खिडकीच्या दहा फुटी भिंतीला सव्वासहा फूट लांब, अडीच फूट रुंद, गादीसकट अठरा इंच उंचीची बैठक करा, खाली खणांत पांघरुणं. मुलगी आली की तो तिचा पलंग. एरवी ती तुमची वाचायची जागा, जी चित्रात नव्हती. तिथे दिवसा नैसर्गिक प्रकाश आहे, समोर पुस्तकं आहेत, पाय पसरता येतात. खिडकीची ही भिंतही बाहेरचीच, तेव्हा बैठकीमागे इंचभर फट आणि खालच्या खणांना हवेसाठी भोकं हवीत. टेबल लागत असेल तर रंगवलेल्या भिंतीशी एक साधं, हलवता येणारं ठेवा.

काचेची दारं सगळीकडे लावू नका. धूळ थांबते हे खरं, पण रोजची पुस्तकं काचेमागे गेली की हात कमी जातो. वडिलांच्या पुस्तकांचा एक खण काचेचा करा आणि त्यालाही वर-खाली हवेची फट ठेवा. उन्हाची तिरीप थेट पुस्तकांच्या पाठींवर येते का, हे आठवडाभर वेगवेगळ्या वेळी बघा. येत असेल तर पडदा लावाच, रंग उडायला फार काळ लागत नाही. गडद लाकूड प्रकाश गिळतं, म्हणून दहा-बारा फुटांच्या खोलीत मी मध्यम किंवा उजळ छटा घेईन आणि छत पांढरं ठेवीन. फळ्यांचे एलईडी पुढच्या कडेच्या पट्टीमागे, आत तोंड करून बसवा. पाठीमागे लावलेले दिवे पुस्तकांना काळी सावली करतात. बैठकीजवळ वाचायचा दिवा वेगळा, आणि त्याचं बटण बसल्या जागी हाताला येईल असं. वायरिंग कपाटं बसण्याआधी पूर्ण करून घ्या.

काम झाल्यावर लगेच पुस्तकं लावायची घाई होईल. प्लाय-एमडीएफच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो, म्हणून घेताना ई-१ दर्जाचा किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा मागा, आणि तरीही पॉलिश झाल्यावर तीन-चार आठवडे दारं उघडी ठेवून खोली हवेशीर राहू द्या. ताज्या पॉलिशच्या आणि गोंदाच्या वाफा बंद कपाटात कोंडून कागदाला आणि तुमच्या श्वासालाही त्रास देतात.

सगळ्यात वरची फळी पावणेआठ फुटांवर जाईल. तुम्ही विचारलेली रुळावरची सरकती शिडी या खोलीत जागा अडवेल. तीन पायऱ्यांची घडीची शिडी पुरेल, तिच्यासाठी खालच्या कपाटांत एक उभा अरुंद कप्पा काढून ठेवा.

एक काम मात्र डिझायनरला होकार देण्याआधीच करा. वरच्या हिशोबाने नुसत्या पुस्तकांचं वजन अकराशे किलोच्या घरात जातं, लाकूड वेगळं, आणि ते दोन भिंतींलगतच्या अरुंद पट्ट्यांत एकवटतं. राहत्या घरांच्या स्लॅबवर साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार गृहीत धरलेला असतो. कपाटाखालच्या पट्ट्यात तो त्याच्या कितीतरी पट होईल. भिंतीलगत, तुळईच्या वर असेल तर बहुधा अडचण येत नाही, पण ‘बहुधा’वर भागवू नका. घर तळमजल्यावर आहे की वरच्या, हे पत्रात नाही. वरचं असेल तर इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, दोन्ही भिंतींची मापं आणि हे वजन सांगा, आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या. तोवर भिंतीवर चिकटपट्टीने खणांची मापं आखून ठेवा, खिडकीखाली सतरंजी टाकून रोज तासभर तिथे वाचून बघा, आणि यजमानांनाही सोबत बसवा. खणांची रुंदी, कट्ट्याची उंची, दिव्याची जागा यांत जे बदलावंसं वाटेल ते आत्ता चिकटपट्टीतच बदलून घ्या.